एका छायाचित्राचा रचनाकाल व लेखनकाल

पोथीचा रचनाकाल व लेखनकाल निरनिराळा असतो, हें संग्राहकांस सांगावयास नको. हाच भेद एका कृष्णधवल निसर्गचित्रासही लागू पडतो.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनीं न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ गांवावरील चंद्रोदय टिपला. पण तारीख नोंदली नाहीं, व पुढें १९४० ते १९४४ पर्यंतचीं निरनिराळीं वर्षें दिलीं. तेव्हां चित्रांतील चंद्राच्या स्थानावरून गणित झालें. डेव्हिड एल्मोर यांनीं ३१ ऑक्टोबर १९४१ हा दिवस काढला. १९९१ मध्यें डेनिस डी चिको यांनीं तो दुरुस्त करून १ नोव्हेंबर १९४१, सायंकाळीं ४ वाजून ४९ मिनिटें, असा निर्णय दिला.

रचनाकाल ठरला, परंतु प्रतींचें काय? मूळ निगेटिव्ह एकच, आणि त्यावरून अ‍ॅडम्स यांनीं काढलेले छाप तेराशेंहून अधिक. अंधारखोलींत कागदावर प्रकाश कोठें रोखावा व कोठें वाढवावा, हें छापणाराच्या हातीं असतें. त्यामुळें आरंभींच्या छापांत आकाशांत ढग दिसतात. उत्तरकालीन छापांत तें जवळजवळ काळें आहे. शिवाय १९४८ सालीं निगेटिव्हचा खालचा फिकट भाग त्यांनीं रसायनानें गडद केला. म्हणजे मूळ आदर्शांतच फेर पडला.

सबब छापाचा काल नोंदल्यावांचून अशा चित्राची नोंद पुरी समजूं नये.