किरणोत्सारी मागोवाद्रव्यांचे स्वयंचलित उत्पादन

ज्याच्या रेणूला किरणोत्सारी अणू जोडलेला असतो आणि जे तपासणीसाठी शरीरात अत्यल्प प्रमाणात टोचले जाते, अशा द्रव्यास किरणोत्सारी मागोवाद्रव्य किंवा ट्रेसर म्हणतात. ते जेथे साचते तेथून निघणाऱ्या किरणांवरून अवयवांचे व गाठींचे चित्र मिळते. पेट स्कॅनसाठी लागणारी बहुतेक मागोवाद्रव्ये अल्पायुषी असल्याने ती साठवता येत नाहीत. सायक्लोट्रॉन आणि संगणकनियंत्रित संश्लेषण-यंत्र यांच्या साहाय्याने ती रोजच्या रोज तयार करावी लागतात. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. ही संस्था १९६३ पासून अणुवैद्यकाचे काम करीत आहे.

सर्वाधिक वापरले जाणारे मागोवाद्रव्य म्हणजे फ्लोरोडीऑक्सिग्लुकोज, संक्षेपाने एफडीजी. ही फ्लोरिन-१८ जोडलेली साखरच होय. कर्करोगाच्या अनेक पेशी साखर अधिक खेचतात. एफडीजी आत शिरते, पण तिचे पुढील पचन होत नाही आणि ती तेथेच अडकते. (रक्तातील साखर वाढलेली असल्यास चित्र बिघडते, म्हणून रुग्णास काही तास उपाशी ठेवतात.)

उत्पादन पद्धती

ऑक्सिजन-१८ने समृद्ध केलेल्या मोजक्या मिलिलिटर पाण्यावर सायक्लोट्रॉनमधील वेगवान प्रोटॉनांचा मारा केला जातो. परळच्या यंत्रात प्रोटॉनांची ऊर्जा १६.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. या माऱ्याने ऑक्सिजनचे फ्लोरिन-१८ होते. हे पाणी बारीक नळीतून शिशाच्या जाड भिंतींच्या कोठीत जाते. तेथे फ्लोराइड एका राळेच्या नळकांड्यात अडकते व महागडे पाणी वेगळे होऊन परत मिळते. मग पोटॅशियम कार्बोनेट व क्रिप्टोफिक्स यांच्या द्रावणाने फ्लोराइड सोडवून घेतात, ओलावा पूर्णपणे काढून टाकतात आणि मॅनोज ट्रायफ्लेट या पूर्वद्रव्याशी त्याची अभिक्रिया घडवितात. शेवटी रेणूवरील संरक्षक गट काढून, द्रावण शुद्ध करून ते ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळले जाते. संश्लेषणास साधारण अर्धा तास लागतो.

या अर्ध्या तासात झडपा, तापमान व दाब संगणक सांभाळतो. वेगापेक्षाही मोठे कारण माणसाचे रक्षण हे आहे. फ्लोरिन-१८मुळे ५११ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे भेदक गॅमा किरण निर्माण होतात. एका खेपेतील किरणोत्सार अनेक रुग्णांना पुरेल एवढा असतो आणि असे काम रोज हातांनी करणाऱ्याच्या बोटांनाच त्याची झळ बसेल. यंत्राने एकसारखेपणाही साधतो आणि प्रत्येक टप्प्याची नोंद आपोआप राहते.

तयार द्रव्याची आम्लता, रासायनिक व किरणोत्सारी शुद्धता आणि जिवाणूजन्य विषांचा अभाव हे सारे द्रव्य बाहेर पडण्यापूर्वी तपासतात. निर्जंतुकतेच्या चाचणीस मात्र १४ दिवस लागतात. तिचा निकाल हाती येतो तेव्हा द्रव्य केव्हाच रुग्णाच्या शरीरातून नाहीसे झालेले असते. म्हणूनच येथे उत्पादनप्रक्रियेच्या काटेकोरपणावर इतर औषधांपेक्षाही अधिक भिस्त असते.

अंतराची मर्यादा

फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळा (जि. बुलढाणा) या गावी मुंबईहून पोहोचण्यास १० तास लागतात असे धरले, तर निघताना असलेल्या किरणोत्सारापैकी जेमतेम २ टक्के शिल्लक राहील. म्हणजे अशा गावांच्या बाबतीत औषध रुग्णाकडे जात नाही, रुग्णालाच सायक्लोट्रॉनच्या टप्प्यातील शहर गाठावे लागते. खर्चाइतकाच हा प्रवासही अनेकांना जड जातो.

गॅमा कॅमेऱ्यासाठी लागणाऱ्या टेक्नेशियम-९९एमची गोष्ट निराळी. त्याचे अर्धायुष्य अवघे ६ तासांचे. पण ते ज्यापासून निपजते त्या मॉलिब्डेनम-९९चे ६६ तासांचे आहे. मॉलिब्डेनम भरलेला जनित्र दूरच्या रुग्णालयात पाठविता येतो आणि तेथे दररोज क्षारद्रावण सोडून टेक्नेशियम वेगळे काढले जाते. या क्षेत्रातील लोक जनित्राला गाय व या क्रियेला दूध काढणे म्हणतात.