व्हेनेझुएलन अश्व-मेंदूज्वर

घोडे, गाढवे, खेचरे आणि माणसे यांना डासांमार्फत होणारा विषाणुजन्य रोग. तो दक्षिण व मध्य अमेरिकेचा. भारतात आढळलेला नाही. विषाणू मात्र आपल्याला अगदीच परका नाही. २००६ मध्ये महाराष्ट्रात घरोघरी सांधे धरून बसवणाऱ्या चिकुनगुन्याचा तो भाऊबंद, दोघेही आल्फाव्हायरस प्रजातीतले. घोड्यांत या रोगाने मरण्याचे प्रमाण साथीगणिक २० ते ८० टक्के असते. माणसांत बहुतेकांचे अंगदुखी, डोकेदुखी आणि सडकून ताप एवढ्यावर निभावते. मेंदूला सूज येते ती मुख्यतः लहान मुलांत. दगावणारे एक टक्क्याहून कमी असतात, पण रोग्यांची संख्या हजारांत गेली की तेही थोडे राहत नाहीत.

घोड्यांना मेंदूज्वर देणारे डासजन्य विषाणू अनेक आहेत. वेस्ट नाइल आणि पूर्वेकडचा अश्व-मेंदूज्वर यांचा साठा पक्ष्यांत असतो, जपानी मेंदूज्वराचा डुकरांत व पाणपक्ष्यांत. या रोगांत घोडा केवळ बळी ठरतो. त्याच्या रक्तात विषाणू इतका थोडा असतो की चावलेला डास तो पुढे नेऊ शकत नाही. व्हेनेझुएलन ज्वराचे गणित उलटे आहे. इथे घोडा हाच विषाणूचा कारखाना असतो. तापाच्या तीन ते पाच दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो आणि त्याला चावलेले डास तो गावभर पोचवतात. त्यामुळे वेस्ट नाइलची लस घोड्याला टोचली तर तो घोडा वाचतो. या रोगाची टोचली तर शेजारच्या घरातले मूलही वाचते. साथ आवरण्याचे सगळे डावपेच या एका फरकावर उभे आहेत.

एरवी हा विषाणू दमट जंगलात, दलदलीत राहतो. तिथले उंदीर आणि क्युलेक्स डास यांच्यात तो गुपचूप फिरत असतो, आणि हे जंगली वाण घोड्याच्या रक्तात फारसे वाढत नाहीत. आवरणातल्या प्रथिनात मोजके बदल झाले की मात्र ते घोड्यात फोफावू लागतात. मग क्युलेक्सची गरजच उरत नाही. पाऊस पडून गेल्यावर खाजणात आणि डबक्यांत झुंडीने निपजणारे एडिस व सोरोफोरा डास ते काम करतात.

रोगाची ओळख १९३०च्या दशकात कोलंबिया व व्हेनेझुएलात पटली. १९३८ मध्ये व्हेनेझुएलात विषाणू वेगळा काढण्यात आला. पुढची काही दशके घोड्यांसाठी ज्या लसी वापरल्या गेल्या, त्या फॉर्मेलिनने ‘मारलेल्या’ विषाणूच्या होत्या. तो प्रत्येक वेळी पुरता मरत नसे. १९७३ पर्यंतच्या कित्येक साथींतले विषाणू जनुकीयदृष्ट्या जुन्या लसनिर्मितीच्या वाणांशी इतके मिळतेजुळते निघाले, की त्या साथी लसीच्या बाटलीतूनच निघाल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. रोगनियंत्रणाच्या इतिहासात याहून कडू उदाहरण क्वचितच सापडेल.

१९६९ मध्ये मध्य अमेरिकेत भडकलेली साथ मेक्सिकोमार्गे १९७१च्या उन्हाळ्यात टेक्सासमध्ये शिरली. त्या वेळी अमेरिकी लष्कराकडे टीसी-८३ ही जिवंत लस होती. १९४३ साली त्रिनिदादमधल्या एका गाढवाच्या मेंदूतून मिळालेला विषाणू गिनीपिगच्या हृदयपेशींत ८३ वेळा वाढवून नरम केलेला, म्हणून हे नाव. ती मुळात प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसांसाठी होती. ती घोड्यांना सरसकट देण्याचा निर्णय झाला आणि १९ राज्यांत सुमारे २८ लाख घोड्यांना टोचली गेली. जोडीला घोड्यांची ने-आण बंद झाली आणि विमानांतून मॅलॅथिऑनची फवारणी सुरू झाली. टेक्सासमध्ये हजाराहून अधिक घोडे मेले, शंभराच्या आसपास माणसे आजारी पडली. एकही माणूस दगावला नाही.

१९९५ची साथ इतकी सुदैवी नव्हती. अतिवृष्टीनंतर व्हेनेझुएलात सुरू होऊन ती कोलंबियाच्या ला ग्वाहिरा द्वीपकल्पात पसरली. एरवीचा हा रखरखीत, काटेरी झुडपांचा मुलूख. वायू आदिवासींच्या वस्त्या विखुरलेल्या, आणि पाणी वाहायला घरोघरी गाढव. लस टोचलेली जनावरे थोडी होती. अंदाजे ७५ हजार ते एक लाख माणसे आजारी पडली, सुमारे तीनशे मेली.

अशा साथीची पहिली खबर तबेल्यातून येते. माणसांचे रुग्ण सहसा आठवड्या-दोन आठवड्यांनी दवाखान्यात दिसू लागतात आणि बऱ्याचदा डेंग्यूचे म्हणून नोंदले जातात. जनावर गोल गोल फिरते, भिंतीला डोके टेकून उभे राहते, आडवे पडले की पाय झाडते. तपासायला गेलेला नवखा माणूस साहजिकच याच जनावराचे रक्त काढतो, आणि त्यात विषाणू सापडत नाही. मेंदूची लक्षणे दिसेपर्यंत विषाणू रक्तातून ओसरलेला असतो. जाणता पशुवैद्य थर्मामीटर घेऊन त्याच कळपातल्या धडधाकट दिसणाऱ्या घोड्यांकडे वळतो. ज्याला नुसता ताप आहे त्याच्याच रक्तात विषाणू हाती लागतो. आजारी जनावराच्या रक्तद्रवात प्रतिपिंडे शोधतात. मात्र त्याला आधी टीसी-८३ दिली असेल तर ती लसीची की रोगाची हे ठरवणे कठीण, म्हणून टोचणीच्या तारखेची नोंद नमुन्याइतकीच मोलाची. रेबीज आणि बुरशी लागलेल्या मक्याची विषबाधा यांचीही लक्षणे अशीच दिसतात. ही दोन्ही कारणे वगळावी लागतात.

डासांसाठी संध्याकाळी कोरड्या बर्फाचे सापळे लावतात. बर्फातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड डासाला श्वासासारखा भासतो. सकाळी पकडलेले डास गार ताटलीवर जातवार निवडून गटागटाने तपासतात. विषाणू हवेतूनही सहज लागतो आणि प्रयोगशाळांत त्याने अनेकांना आजारी पाडले आहे, त्यामुळे तो वाढवण्याचे काम कडेकोट सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच चालते.

नियंत्रणात क्रम महत्त्वाचा. आधी घोडे-गाढवांची ने-आण थांबवायची, मग रोगग्रस्त भागाच्या बाहेरून आत असे लसीकरण करत यायचे. लसीने संरक्षण यायला काही दिवस लागतात आणि उडते डास मारणारी फवारणी तेवढे दिवस मिळवून देते. नुसत्या फवारणीवर भिस्त ठेवली तर पुढच्या पावसात नवे डास तयारच असतात. टोचताना दर जनावरामागे सुई बदलावी लागते, नाहीतर तापातल्या घोड्याचा विषाणू सुईच पुढे नेते. माणसांसाठी परवाना मिळालेली लस नाही. मच्छरदाणी, अंगभर कपडे आणि डास पळवणारे मलम एवढेच.

साथ ओसरली की टोचणी थंडावते आणि दर वर्षी जन्मणारी शिंगरे बिनसंरक्षणाची राहतात. काही वर्षांत कळपात अशीच जनावरे जास्त होतात. म्हणून जोखमीच्या भागात साथ नसतानाही दर वर्षी लस टोचून घ्यावी लागते.