चौधरी, जयंतनाथ

चौधरी, जयंतनाथ : (१० जून १९०८–६ एप्रिल १९८३). भारताचे एक भूसेनाप्रमुख व चिलखती दलाचे सेनानी. १९४८ च्या हैदराबाद कारवाईत त्यांच्या रणगाड्यांनी धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) जिल्ह्यातून वाट काढली. त्यामुळे मराठवाड्याच्या इतिहासाशी त्यांचे नाव निगडित झाले.

जन्म बंगालमधील सधन घराण्यात. शिक्षण कलकत्ता व लंडन येथे. सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयातून १९२८ मध्ये त्यांना कमिशन मिळाले. वर्षभर ब्रिटिश पायदळात उमेदवारी करून ते ७ व्या लाइट कॅव्हलरीत दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास भारतीय रिसाल्यांतील घोडे जाऊन त्यांच्या जागी चिलखती गाड्या व रणगाडे आले आणि चौधरींच्या पिढीचे स्वार चिलखती युद्धतंत्राकडे वळले. पाचव्या भारतीय डिव्हिजनबरोबर त्यांनी पूर्व आफ्रिकेत काम केले. १९४४ मध्ये १६ व्या लाइट कॅव्हलरीचे आधिपत्य त्यांच्याकडे आले. ब्रह्मदेशात या रेजिमेंटने चिलखती मोटारींनिशी रंगूनच्या दिशेने झालेल्या चढाईत भाग घेतला.

मे १९४८ मध्ये मेजर जनरल चौधरी पहिल्या चिलखती डिव्हिजनचे प्रमुख झाले. त्या वेळी निजामी राजवट व कासिम रझवीची रझाकार संघटना यांच्या जुलमाने सरहद्दीवरील जनता हवालदिल झाली होती. रझवी हा मूळचा लातूरचा वकील. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. सोलापूर–हैदराबाद हा सुमारे ३०० किमी. लांबीचा रस्ता मुख्य चढाईसाठी निवडण्यात आला. या रस्त्यावर नळदुर्गचा किल्ला व बोरी नदीवरील पूल ही पहिली मोक्याची ठिकाणे होती. पूल उद्ध्वस्त झाला असता, तर रणगाड्यांची गती तेथेच खुंटली असती. १३ सप्टेंबरच्या पहाटे तो शाबूत हाती आला. त्याच दिवशी जळकोट व उमरगा घेण्यात आले. तुळजापूरला मात्र सुमारे दोन तास प्रतिकार झाला. १७ तारखेस निजामाने युद्धबंदी जाहीर केली व १८ सप्टेंबर रोजी हैदराबादचे सेनापती एल् एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली.

रझाकारांच्या दहशतीतून जनता मुक्त झाली. परंतु वेगाने पुढे गेलेल्या सैन्याच्या मागे खेड्यापाड्यांत सूडाची लाट उसळली व अनेक निरपराध मुसलमान मारले गेले. केंद्र शासनाने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात २७,००० ते ४०,००० माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज केला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश होता. गुलबर्गा, बीदर व नांदेड हे अन्य तीन होत. काही ठिकाणी सैनिक व पोलीसही लुटीत सामील होते, असे समितीने नमूद केले. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. चौधरी १९४९ अखेरपर्यंत हैदराबादचे लष्करी प्रशासक होते. त्यामुळे या कारवाईचे यश आणि तिच्या पाठोपाठचा अनर्थ, दोहोंचा विचार त्यांच्या कारकीर्दीच्या मूल्यमापनात अपरिहार्य ठरतो.

पुढे दक्षिण विभागाचे प्रमुख या नात्याने त्यांनी डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीच्या कारवाईचे नेतृत्व केले. चीनकडून झालेल्या पराभवानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये ते भूसेनाप्रमुख झाले व खचलेल्या सेनेची पुनर्बांधणी त्यांनी हाती घेतली. १९६५ च्या भारत–पाक युद्धात सियालकोट आघाडीवर रणगाड्यांच्या मोठ्या लढाया झाल्या. या युद्धात त्यांनी वाजवीपेक्षा अधिक सावधगिरी बाळगली, अशी टीका काही सेनानींनी केली आहे. जून १९६६ मध्ये ते निवृत्त झाले. पद्मविभूषण या किताबाने त्यांचा गौरव करण्यात आला. १९६६ ते १९६९ या काळात ते कॅनडात भारताचे उच्चायुक्त होते. नवी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.