स्टेपनी आणि उस्ताद

मोटारीच्या इतिहासात कारखानदारांची नावे सापडतात. तिला चालती ठेवणाऱ्या मिस्त्रींची क्वचितच. 1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत गाड्या जुळवायला सुरुवात केली, पण खेड्यापाड्यांत सुटे भाग दुर्मीळच होते. कमानपाटा तुटला की लोहाराची भट्टी पेटे. बेअरिंगमध्ये पांढरा धातू हाताने ओतून, घासून बसवावा लागे. हँडल मारताना इंजिनाने उलट झटका दिला, तर मनगट मोडे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई आली, बसगाड्या कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या, आणि राख काढण्याचे कामही वाढले.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी. धावली. पुढे तिच्या आगारांत वर्कशॉपे उभी राहिली. बाहेरच्या गॅरेजात मात्र उस्ताद हीच शाळा.

या शाळेने शब्दही जपले. सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावदला चाक पंक्चर झाले, तरी माणूस 'स्टेपनी' शोधतो. हे नाव वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्याचे. 1904 च्या सुमारास तिथे जादा चाक बनू लागले. 'मिस्त्री' पोर्तुगीजांकडून आला, 'उस्ताद' फारसीतून.

आता गाडीचा दोष संगणक सांगतो. कानाने इंजिन ओळखणारे उस्ताद आहेत, तोवर त्यांच्याकडून हा इतिहास लिहून घेतला पाहिजे.