२२ जून १९४४ : इम्फाळचा वेढा उठला

मार्च १९४४ मध्ये जपानचे सेनापती मुतागुची यांचे सैन्य ब्रह्मदेशातून मणिपूर व नागा टेकड्यांत घुसले. सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या पलटणीने छत्रीधारी ब्रिगेडसोबत त्यांना झुंजवले. कोहिमात तर उपायुक्तांच्या बंगल्यातील टेनिस कोर्टावर हातघाईची लढाई पेटली. ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिम यांनी इम्फाळच्या वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश-भारतीय फौजेला विमानांनी रसद पुरवली. जपानी सैनिक उपासमार, रोगराई आणि पावसाने खचले. अखेर २२ जूनला कोहिमा आणि इम्फाळकडून सरकणाऱ्या तुकड्या १०९ व्या मैलाच्या दगडापाशी भेटल्या आणि रस्ता खुला झाला. याच मोहिमेत आझाद हिंद सेनेचे जवान भारताच्या स्वातंत्र्यासाठी जपानच्या बाजूने लढत होते. दोन्ही फळ्यांवर सांडलेले भारतीय रक्त आपण विसरता कामा नये.