सतीर्थ्यांचे ऋण

एकाच गुरूपाशी शिकलेल्या विद्यार्थ्यांस संस्कृतात 'सतीर्थ्य' असे म्हणतात. जपानी भाषेत माजी विद्यार्थ्यांच्या मंडळास 'दोसोकाई' असे नाव आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'एका खिडकीशी बसलेल्यांची सभा' असा होतो. दोन्ही शब्दांत भाव एकच आहे. परंतु जपानात त्या भावाची पुढे संस्था बनली व तिचा विस्तार देशोदेशी झाला. आमच्याकडे तो बहुधा स्नेहसंमेलनापुरता उरला. परक्या मुलखात शिकून आलेल्या माणसाचे ज्ञान घरच्या कारागिराच्या हातापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या आधारे येथे करावयाचा आहे. आणि तो पेडणे व डिचोली या आमच्या दोन तालुक्यांस आज विशेष लागू आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. पुण्याचे केशव मल्हार भट हे १८८२ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयात दाखल झाले. पुढे दोनच वर्षांनी पुण्याच्या 'मराठा' पत्राने त्या विद्यालयाचा नमुना वाचकांपुढे ठेवला. उद्योगाविना देशास तरणोपाय नाही व उद्योग शिक्षणाविना नाही, ही जाणीव तेव्हाच उमटली होती. तथापि एकटा मनुष्य शिकून परत आला, तरी त्याला काम करावयास भट्टी नाही, शिकवावयास शिष्य नाहीत आणि भांडवल द्यावयास कोणी नाही, अशी त्या काळची स्थिती होती. अशा वेळी त्याची विद्या त्याच्याबरोबरच संपावयाची.

ही कोंडी फोडण्याचा एक यशस्वी प्रयोग तळेगाव दाभाडे येथे झाला. प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. लोकमान्य टिळकांनी तिला आपले पाठबळ दिले आणि १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. त्याची सूत्रे ईश्वरदास वार्ष्णेय या उत्तर हिंदुस्थानी तरुणाकडे आली. त्यांनी जपानात व पुढे बोस्टनच्या त्याच विद्यालयात शिक्षण घेतले होते. कारखाना ही येथे शाळाही होती. विद्यार्थी भट्टीपाशी उभा राहून काच फुंकावयास शिके आणि तयार झालेला माल बाजारात जाई. शिकलेला मनुष्य तेथेच अडकून राहावा असा आग्रह नव्हता. वार्ष्णेय स्वतः पुढे संयुक्त प्रांतात गेले व बहजोई येथे त्यांनी काचकारखाना चालविला. तळेगावी शिकलेल्या श्रीपादराव ओगले यांनी आपल्या बंधूंसह १९१६ साली औंध संस्थानात कारखाना काढला. त्याचा 'प्रभाकर' कंदील पुढे घरोघर लागला. ज्या संस्थेचे शिष्य तिच्याच धंद्यात तिचे प्रतिस्पर्धी होतात, तिने तोटा सोसला असे व्यापारी म्हणेल. शिक्षक मात्र ती सफल झाली असेच म्हणेल, आणि देशाच्या हिशेबी शिक्षकाचेच म्हणणे खरे ठरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर व सरकारी साहाय्याने केली. १९५९ साली तेथे परदेशी तंत्रज्ञांच्या शिक्षणासाठी 'एओटीएस' ही संस्था स्थापन झाली. विकसनशील देशांतील अभियंते, मुकादम व कुशल कामगार यांस तिने जपानी कारखान्यांत शिकविले. परत गेलेल्यांनी आपापल्या देशात माजी विद्यार्थ्यांची मंडळे काढली. चेन्नईचे मंडळ तर 'दोसोकाई' हेच नाव धारण करते आणि जपानी भाषेचे व कारखाना-व्यवस्थापनाचे वर्ग चालविते. एका देशातील मंडळाने दुसऱ्या विकसनशील देशातील लोकांस शिकवावे, असेही उपक्रम झाले. यात जपानचा स्वार्थ नव्हता असे नाही. शिकलेला कामगार जपानी यंत्रच मागणार, हे उघड होते. पण ज्ञान एकदा हाती आले म्हणजे ते देणाऱ्याच्या हेतूने बांधलेले राहत नाही.

जपानशी गोमंतकाचा संबंध याहूनही जुना आहे. १९५१ साली चौगुले यांनी जपानी पोलाद-व्यवसायाशी करार केला आणि डिचोली तालुक्यातील शिरगावची खाण यंत्रांनी चालविण्यास आरंभ झाला. यंत्रसामग्री जपानची आणि परतफेड खनिजाने, अशी ती योजना होती. महायुद्धानंतर जपानने परदेशांत केलेल्या अगदी पहिल्या गुंतवणुकींत तिची गणना होते. कुदळ-पाटी घेऊन खाणीत उतरणाऱ्यांच्या मुलांनी पुढे अजस्र यंत्रे हाताळली, मांडवीत बार्जी चालविल्या. हे ज्ञान बहुतांशी हातातून हातात गेले. पुढे साखळीस खाणकंपनीच्या पुढाकाराने तंत्रशाळा निघाली, तसेच डिचोलीस व पेडण्यास सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आल्या, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु २०१२ साली खाणी बंद पडल्या, आणि काही काळ सुरू होऊन ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ८८ खाणपट्टे रद्द झाले, तेव्हा या विद्येचे काय झाले? खाणींनी शेतीचे व ओहोळांचे जे नुकसान केले ते विसरून आम्ही हा प्रश्न विचारीत नाही. प्रश्न माणसांचा आहे. यंत्रावर बसलेला हात रिकामा झाला. कोणी आखातात गेला, कोणी घरी बसला. त्यांना एकमेकांशी बांधणारे, त्यांचे ज्ञान पुढील पिढीस देणारे मंडळ नव्हते. २०२२ मध्ये डिचोलीच्याच खाणपट्ट्यापासून लिलाव सुरू झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात पेडण्यातील मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले. जमीन गेलेल्या घरांतील मुलांस तेथे हमालीच मिळावी की यंत्रशाळेतील काम, हे त्यांच्या शिक्षणावर ठरणार आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. या दोन तालुक्यांतील प्रत्येक माध्यमिक शाळेने व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने आपल्या माजी विद्यार्थ्यांची, त्यांच्या हातच्या कसबासह, नोंद ठेवावी. आखातात वा विलायतेत काम करणारा पेडणेकर सुटीत येतो, तेव्हा त्याच्याकडे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी मागितली जाते व तो ती आनंदाने देतो. त्याच्याकडे आठ दिवसांचा वेळही मागावा. नवे यंत्र कसे जोडावे, परदेशी मुलाखतीत काय विचारतात, सुरक्षेचे कोणते नियम पाळावे लागतात, हे त्याने मुलांस सांगावे. यावर कोणी म्हणेल की अशाने मुले अधिकच बाहेर जातील. जातील, तळेगावचेही गेले. पण ते जेथे गेले तेथे त्यांनी भट्ट्या पेटविल्या आणि नवे शिष्य तयार केले. मुले जाणार आहेतच. त्यांनी गावाशी विद्येचे नाते राखून जावे, एवढेच शाळेच्या हाती आहे, आणि पैसा फंडाइतक्या अल्प वर्गणीत ते साधण्यासारखे आहे.