पिवळ्या नटाची गोष्ट

आमच्या तळवड्यात नट-बोल्टांचा डबा नाही असं घर विरळाच. डब्यातले जुने बोल्ट बघा, पिवळे, वर इंद्रधनुष्यासारखी झाक. नवे बरेचसे पांढरे-निळसर. हा फरक फॅशनचा नाही बरं का!

गंमत म्हणजे वरचं जस्त बिचारं बेरंगी. त्याच्या आयनातल्या डी-कक्षा पूर्ण भरलेल्या, इलेक्ट्रॉनला उडी मारायला जागाच नाही, म्हणून संयुगं बहुतेक पांढरी. पिवळेपणा क्रोमियमचा. झिंक प्लेटिंग झालेला जॉब डायक्रोमेटच्या बाथमध्ये थोडा वेळ बुडवला की झालं पॅसिव्हेशन.

हे क्रोमियम वोक्लाँ या फ्रेंच रसायनज्ञाने १७९७ साली सायबेरियातल्या एका लाल खनिजात शोधलं. संयुगांचे रंग इतके, की नावच पडलं ग्रीक 'क्रोमा' म्हणजे रंग यावरून. माणिक लाल, पाचू हिरवा, पण दोन्हीत तेच तीन-संयुजी क्रोमियम! माणकात भोवतीच्या ऑक्सिजनचा जोर जास्त, त्यामुळे डी-कक्षांमधलं ऊर्जेचं अंतर बदलतं आणि वेगळाच प्रकाश शोषला जातो. या विचाराचा पाया हान्स बेथेने १९२९ मध्ये घातला.

डायक्रोमेटचं मात्र निराळं. त्यातल्या षट्-संयुजी क्रोमियमकडे, म्हणजे 'हेक्झा'कडे, डी-इलेक्ट्रॉन एकही नाही. तरी रंग भडक, कारण प्रकाश शोषून ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन क्रोमियमकडे झेपावतो. इलेक्ट्रॉनची हीच हाव शरीरात घात करते. हातावर व्रण, नाकाच्या पडद्याला भोक, फुफ्फुसाचा कर्करोग.

युरोपने २००० साली भंगार गाड्यांविषयी निर्देश काढला आणि १ जुलै २००७ पासून गाडीच्या गंजरोधक लेपात हेक्झाला बंदी आली. निर्यातीचे पार्ट करायचे तर तीन-संयुजी बाथ घेणं आलंच. मला टोचतं ते हे, की नियम गाडीच्या भंगारासाठी होता, बाथवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी नव्हे. फायदा त्यालाही झाला, हे खरं.

आणखी एक. गिऱ्हाइकाला पिवळ्याची सवय, म्हणून तीन-संयुजी थरालाही कधीकधी पिवळा डाय देतात! म्हणजे नुसतं बघून काही कळायचं नाही. डायफिनाइलकार्बाझाइडने तपासायचं, जांभळं झालं तर हेक्झा.

सांडपाण्यात मात्र रंग कामाला येतो. आम्लात मेटाबायसल्फाइट घातलं की पिवळं पाणी हिरवं होतं, हेक्झाचं तीन-संयुजी झालं. मग चुना घालून गाळ खाली बसवायचा. घाईत पिवळंच सोडलं तर ते उताराने इंद्रायणीकडेच जाणार, दुसरी वाट नाही.